मशीन बोलत होतं, बाई नव्हत्या

"सर, मशीन बोलायलंय, पन बाई न्हाईत आत."

मारोतीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये होतो. मुलांची प्रॅक्टिकल चालू होती. मी फोन घेऊन व्हरांड्यात आलो.

"नाहीत म्हणजे काय?"

"फोल्डर उघडलं की रिकामं सांगायलंय. दोनदा रिस्टार्ट केलं. येरवी रिस्टार्ट केलं की येतेत बाई. आज येईनात."

"वायर-बियर काही हललं का?"

"न्हाई सर. माइक चालू हाय का बघायला एकदा हॅलो हॅलो रेकॉर्ड केलं, तेवढंच."

"आता कशालाच हात लावू नका. मशीन चालू राहू द्या. मी निघतो."

'चालू राहू द्या' हे शब्द माझे आहेत. बरेच दिवस मी ते कुणाला सांगितले नाहीत.

मी परभणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. मूळचा पूर्णेचा. पूर्णेत अंध विद्यार्थ्यांसाठी एक लहानसं ध्वनिग्रंथालय आहे. पुस्तकं मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची, मेमरी कार्डात भरून गावोगावच्या मुलांना द्यायची, एवढंच त्याचं काम. दोन खोल्या. स्टेशन जवळ, म्हणून खिडक्यांना आतून गोधड्या ठोकलेल्या. तरी गाडीचा हॉर्न आत यायचाच. मग वाचणारा थांबायचा, गाडी जाऊ द्यायचा आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचा. तिथला कॉम्प्युटर मी जोडून दिला होता. त्याची देखभालही मीच करायचो, विनामोबदला. हे मोठेपणासाठी सांगत नाही. मोबदला न घेणाऱ्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. त्याची मला सवय लागली होती.

मारोती तिथला ऑपरेटर. ताडकळसचा. जन्मापासून दिसत नाही. रोज बसनं पूर्णेला यायचा. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याच्या आधारानं तो सगळं मशीन चालवायचा. त्या आवाजाला तो पोपट म्हणायचा. रेकॉर्डिंगमधले खोकले, अडखळणं, हॉर्न कापून काढण्यात त्याचा हात फार साफ होता.

आणि बाई म्हणजे सुलभाबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. ग्रंथालयातली निम्म्याहून अधिक पुस्तकं त्यांच्या आवाजात होती. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, लवकरात लवकर. बाईंनी विचारलं, "किती दिवस थांबता येईल?" डॉक्टर चिडले. मुलगी तर आठवडाभर बोलली नाही. पण बारावी आर्ट्सचा अभ्यासक्रम बदललेला होता आणि नवीन पुस्तकं कुणीच वाचलेली नव्हती. बाईंनी तारीख पुढं ढकलून घेतली. रोज सकाळी यायच्या, गरम पाण्याचा थर्मास घेऊन. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. सगळं वाचून झालं, मग ऑपरेशनला गेल्या. परत आल्या त्या मानेला रुमाल बांधून. आवाज गेला होता.

ती पुस्तकं अजून मुलांना दिलेली नव्हती. "खोकल्यासकट द्यायची नाहीत, मुलांना वाटेल बाई आता मरते," असं त्यांनी ऑपरेशनच्या आधी बजावलं होतं. मारोती एकेक धडा साफ करत होता. तेव्हा 'बाई न्हाईत आत' याचा अर्थ मला नीट कळला होता. तरी मी शिपायाला प्रॅक्टिकलचे कागद गोळा करायला सांगितलं, विभागप्रमुखांना विचारून अर्धी रजा टाकली आणि मग स्टेशनवर गेलो. घाई केली नाही. रेकॉर्डिंगची नक्कल ठेवलेली दुसरी डिस्क होती ना!

इथं थोडं समजावून सांगावं लागेल.

हार्ड डिस्क पेटीत बसवली की लगेच वापरता येते असं नाही. डिस्कचे आधी भाग पाडतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. मशीन सुरू होताना प्रत्येक पार्टिशन एका ठरलेल्या फोल्डरला जोडलं जातं. याला माउंट करणं म्हणतात. पूर्णा हे रेल्वेचं गाव, तिथल्या माणसाला सांगायचं तर इंजिनाला डबे जोडणं. कोणता डबा कुठं लावायचा, हे एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आमचं मशीन लिनक्सवर होतं. त्यात त्या फाइलला एफएसटॅब म्हणतात. डबा लागला की फोल्डरमध्ये माल दिसतो. लागला नाही तर फोल्डर नावापुरतं तसंच राहतं. उघडतंसुद्धा. आत काही नसतं, एवढंच.

त्या मशीनमध्ये एका लहान डिस्कवर मशीन चालायचं, एका मोठ्या डिस्कवर सगळी रेकॉर्डिंग आणि तिसरीवर त्या रेकॉर्डिंगची रोजची नक्कल. पेन ड्राइव्हवर कॉप्या करून ठेवू का, असं मारोतीनं एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, "कशाला? व्हायरस येतो. दोन-दोन डिस्का आहेत, फिकर करू नका." त्यानं केली नाही.

पूर्णेत लाइट जाते, येते. लाइट आल्यावर मोठी डिस्क कधी कधी वेळेत जागी व्हायची नाही. अशा वेळी लिनक्स थोडं थांबतं आणि मग सुरू व्हायचंच नाकारतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. इमर्जन्सी मोड. अमुक डिस्क सापडत नाही, जाणत्या माणसाला बोलवा, असा त्याचा अर्थ. डोळस माणसाला ते वाचता तरी येतं. मारोतीला काहीच कळायचं नाही, कारण त्या अवस्थेत पोपटही सुरू झालेला नसतो. मशीन मुकं होऊन बसायचं. मग फोन यायचा, "सर, पोपट मेला."

मी जायचो. डिस्क तोवर जागी झालेली असायची. मशीन बंद करून चालू केलं की सगळं ठीक. असं चार-पाचदा झालं. विभागप्रमुख एकदा म्हणाले, "तुमची समाजसेवा रविवारी करता येत नाही का?" पुढच्या खेपेला मी एफएसटॅब उघडली आणि मोठ्या डिस्कच्या ओळीत एक शब्द वाढवला. नोफेल. त्याचा अर्थ, हा डबा लागला नाही तरी अडून बसू नका, गाडी सोडा.

त्यानंतर मशीन कधीच मुकं झालं नाही. मारोती खूश. ताडकळसहून त्यानं माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. "आता पोपट रोज बोलतो सर, लाइट कितीबी खेळू द्या." मी स्वतःला सांगितलं की हे मारोतीसाठी केलं. ते काही खोटं नव्हतं. पण रजा टाकून पूर्णेला जायचा मला कंटाळा आला होता, हे जास्त खरं होतं.

डिस्क उशिरा जागी का होते, याचा शोध मी घेतला नाही. लाइटमुळं, असं धरून चाललो. डिस्क आजारी होती. इमर्जन्सी मोड म्हणजे तिचं कण्हणं होतं. मी कण्हणं बंद केलं.

मिरखेलला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. खिडकीतून कोरडं रान दिसत होतं. समोरच्या बाकावर एका बाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "खाऊन घ्या, जेवायचा टाइम झालाय."

तेव्हा मला नक्कल आठवली.

नक्कल करायची एक छोटी स्क्रिप्ट मी लिहून ठेवली होती. रोज जेवणाच्या सुट्टीत ती आपोआप चालायची, कारण तेव्हा मारोतीचं काम बंद असायचं. ती मोठ्या डिस्कचं फोल्डर बघायची आणि तिसऱ्या डिस्कवर हुबेहूब तसंच करून ठेवायची. हुबेहूब म्हणजे मूळ जागी जे नवीन आलं ते इथं आण आणि मूळ जागी जे राहिलं नाही ते इथूनही काढून टाक. जुना कचरा साठू नये म्हणून ही दुसरी सूचना मीच घातली होती. मूळ फोल्डर कधी खोटंच रिकामं दिसेल, हा विचार तेव्हा करायची गरज नव्हती. कारण तेव्हा डिस्क लागली नाही तर मशीन सुरूच होत नव्हतं. नंतर मी नोफेल घातलं आणि या स्क्रिप्टकडं परत वळून बघितलं नाही.

आधी जेव्हा जेव्हा फोल्डर रिकामं दिसलं होतं, तेव्हा मारोतीनं जेवणाच्या आत रिस्टार्ट केलं होतं. नशीब, दुसरं काय.

मी फोन लावला. वाजत राहिला. डबा खायला बसताना मारोती फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा. पुन्हा लावला. गाडी हलली, रेंज गेली. बटण बंद करा, मारोती, सरळ भिंतीवरचं बटण बंद करा. हे मी मनातल्या मनात म्हणत होतो. ज्या बटणाला हात लावू नका असं वर्षानुवर्षं त्याला बजावलं होतं, ते.

मी पोचलो तेव्हा मारोती मशीनसमोर मांडीवर हात ठेवून बसला होता.

"आले का सर? कशालाच हात लावला न्हाई बगा."

"जेवताना काही झालं का?"

"आतली डिस्क लय वेळ कुरकुरली. मला वाटलं, तुमी परभणीतून काहीतरी दुरुस्त करायलाव."

मी तिसरी डिस्क उघडली. तिच्यावर एकच फाइल होती. ती वाजवली. मारोतीचाच आवाज आला, "हॅलो, हॅलो. हाय का आवाज?" सकाळी त्यानं माइक तपासायला केलेलं रेकॉर्डिंग त्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडलं होतं. स्क्रिप्टनं इमानदारीनं तेवढं उचलून आणलं होतं आणि बाकीचं सगळं पुसून टाकलं होतं.

मारोती हसला. "ह्यो तर मीच. बाई कुठं हाईत?"

"बघतो," मी म्हणालो.

पेटी उघडली. मोठ्या डिस्कची केबल बदलली. दुसऱ्या जागी लावून पाहिली. वीज दिली की आतून टक-टक असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा टक-टक. हा आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला पुढं काही तपासावं लागत नाही. मी तरी तासभर तपासत राहिलो. मारोती शेजारी बसून होता. काही विचारत नव्हता. माझा स्क्रू खाली पडला की तो वाकून बरोबर उचलून द्यायचा.

नानासाहेब आले. ग्रंथालयाचे सचिव. रेल्वेत गार्ड होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं खणखणीत.

"काय म्हणतंय मशीन?"

"डिस्क गेली," मी म्हणालो.

"आणि ती दुसरी? तुम्ही म्हणाला होता ना, दोन-दोन आहेत?"

"तीही रिकामी झाली."

"दोन्ही एकदम? असं कसं होतं? लाइटीमुळं का?"

उत्तर त्यांनीच हातात आणून दिलं. मी म्हणालो, "होऊ शकतं. मशीन नीट बंद न होता एकदम वीज गेली तर..."

माझं वाक्य पुरतं झालंही नव्हतं. नानासाहेब मारोतीकडं वळले.

"मारोती, काल जाताना बटणावरून बंद केलंस का रे?"

"न्हाई साहेब. पोपट 'शट डाउन' म्हणला, त्याच्यानंतरच बटन बंद केलं."

"तुला नक्की ऐकू आलं?"

"साहेब, मला फक्त ऐकूच येतं."

नानासाहेब माझ्याकडं बघत होते. मी होय म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मी स्क्रू लावत होतो. एका पेटीला किती वेळ स्क्रू लावता येतात, ते मला त्या दिवशी कळलं.

पुरावा मशीनमध्येच होता. स्क्रिप्ट कधी चालली, काय काय पुसलं, सगळं ओळीनं नोंदलेलं होतं. मी ते पुसलं नाही. पुसायची गरजच नव्हती. ते वाचून समजेल असा माणूस त्या खोलीत मी एकटाच होतो.

मोठी डिस्क पुण्याला, बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढून देणाऱ्यांकडं पाठवली. आतल्या तबकड्यांवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही, असं सांगून त्यांनी परत पाठवली. नकलेची डिस्क मी घरी आणली. पुसलेल्या फाइली परत काढणारे प्रोग्रॅम असतात. आठवडाभर मशीन चालत राहिलं. बाहेर काय आलं, तर तुकडे. पुस्तक पुरं साफ होईपर्यंत आमचा प्रोग्रॅम रेकॉर्डिंग एका सलग फाइलमध्ये ठेवत नसे. चार-पाच सेकंदांचे तुकडे करून ठेवायचा आणि कोणता तुकडा कशानंतर येतो हे वेगळं लिहून ठेवायचा. ते लिहिलेलं गेलं होतं. तुकड्यांची नावं गेली होती. पुष्कळसे तुकडे वाजतच नव्हते.

मी वाजणारे ऐकत बसलो. 'म्हणून या चळवळीला.' थर्मासचं झाकण. खोकला. 'स्वाध्याय. प्रश्न पहिला.' पान उलटल्याचा आवाज. खोकला. 'मारोती, हे परत घेते रे.' बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कुणाचा आवाज आहे? किती गोड आहे." मी हेडफोन लावला.

काही धडे तरी लागतील म्हणून प्रयत्न केला. इतिहासाचं एक प्रकरण पुस्तक समोर ठेवून जुळवत गेलो. दर दोन वाक्यांनंतर एक वाक्य बेपत्ता. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला असलं देता येत नाही. सोडून दिलं.

मारोतीला नानासाहेबांनी काढलं ते फार गोड बोलून. मी हजर होतो. "तुझा दोष नाही रे. तुला दिसत नाही, त्याला तू काय करणार? आमचीच चूक, एवढ्या नाजूक मशीनवर तुला बसवलं." मारोतीनं काठी उलगडली. दाराशी थांबून म्हणाला, "सर, तुमी तरी सांगा. बटन मी न्हाई बंद केलं."

मी म्हणालो, "जाऊ द्या मारोती. होतं असं."

हे वाक्य मी आजवर दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. डिस्क जाणं ही चूक होती. त्याला चूक म्हणता येईल. याला नाही.

पुढं ग्रंथालयाचा वार्षिक कार्यक्रम झाला. त्यात माझा सत्कार होता. 'रेकॉर्डिंग वाचवण्यासाठी अहोरात्र झटणारे,' असं नानासाहेब माइकवर म्हणाले. शाल, श्रीफळ. पहिल्या रांगेत सुलभाबाई बसल्या होत्या, मानेला निळा रुमाल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. घरी आणून कपाटात वरच्या खणात टाकली. मी शाल नाकारली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला नम्रता म्हणतात. गप्प राहणं मला जमतं, एवढाच त्याचा अर्थ. आणखी कैक वर्षं तसाच राहिलो असतो. पण मानवतच्या एका मुलीचा फोन आला. ग्रंथालयातून नंबर घेतला म्हणाली. बारावीला होती. दिसत नव्हतं.

"सर, राज्यशास्त्राचं सुलभाबाईंच्या आवाजातलं काही राहिलंय का? थोडं असलं तरी चालेल."

"नाही बेटा. काहीच राहिलं नाही."

"ते तिथल्या आंधळ्या दादानं बिघडवलं ना? आमच्या शाळेत सगळे म्हणतात. तेव्हापासून आमच्या सरांनी आम्हालासुद्धा कॉम्प्युटरला हात लावू देणं बंद केलंय."

मी फोन ठेवला. मी एका माणसाशी खोटं वागलो होतो. आता ते शाळेचा नियम झालं होतं.

रविवारी ताडकळसची बस धरली.

मारोती भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसत होता. गिरणीच्या आवाजावरून दाणा सरकतोय की अडकलाय हे ओळखून तो झडप कमी-जास्त करत होता. मी हाक मारली. त्यानं बटण दाबून गिरणी थांबवली.

"या सर. दळण आणलंय का?"

"नाही. बोलायचं होतं."

"बोला की. पट्टा थंड व्हायलाय तवर बोला."

मी सगळं सांगितलं. नोफेल सांगितलं, स्क्रिप्ट सांगितली, मिरखेलला काय आठवलं तेही सांगितलं. सोपं करून सांगायची गरज नव्हती, ते मशीन त्याला माहीत होतं. एक बाई डालडाच्या डब्यात ज्वारी घेऊन आली. त्यानं डबा चाचपून बाजूला ठेवला. "मावशे, घंट्यानं ये." ती गेली.

"म्हंजे मी बटन बंद केलं न्हवतं."

"नाही."

"ते मला माहीतच व्हतं. मला वाटायचं, तुमाला माहीत न्हाई."

 त्याच्या भुवयांवर पीठ बसलं होतं.

"एवढे दिवस मी म्हणायलो, सर शिकलेले हाईत, पन त्यानला बी कळलं न्हाई बिचाऱ्याला. आईशपथ, मला तुमची कीव यायची."

"मारोती, माझी..."

"बाईला सांगितलं का?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगायलाव? मी काय करू त्याचं, दळू?" त्यानं हात पुढं करून गिरणीचं बटण शोधलं. "बस हाय आता. जावा."

गिरणी सुरू झाली. त्यानंतर काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी पूर्णेत सुलभाबाईंच्या घरी गेलो. नानासाहेबांनाही तिथंच बोलावून घेतलं. बाई पलंगावर बसल्या होत्या. शेजारी पाटी होती, लिहिलेलं सरकवून पुसता येतं ती लहान मुलांची. मुलीनं चहा आणला. मी तो घेतला नाही.

नानासाहेबांना एफएसटॅब समजली नसती. मी त्यांच्या भाषेत सांगितलं. "डबा लागलेला नसला तरी गाडी सुटावी, असं मी लिहून ठेवलं होतं. आणि गाडीत माल नाही हे बघून गोदामातलाही माल फेकून द्यावा, असंही मीच लिहिलं होतं."

ते पुढं वाकले. "शेवटचा डबा बघितल्याशिवाय गाडी सोडायची?"

"हो."

"कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्याच."

"माझ्या हातून असं झालं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं."

"हो."

"आम्ही मारोतीला बसवलं," नानासाहेब म्हणाले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि परत खोचलं. "तुम्ही तिथं उभे होता की हो. मी त्याला आंधळा म्हणत होतो आणि तुम्ही उभे होता."

बाईंनी पाटी घेतली. लिहिलं, 'काय उरलंय?'

मी फोनवर तुकडे भरून नेले होते. वाजवायचे की नाही, कळत नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. मी पहिला तुकडा लावला. 'मारोती, हे परत घेते रे.' बाईंचा हात मानेवरच्या रुमालावर गेला. मुलगी आत निघून गेली. पुढचा तुकडा खोकल्याचा होता. त्यापुढचा अर्ध्या वाक्याचा. बाईंनी आणखी थोडे ऐकले आणि हातानं पुरे म्हणून सांगितलं.

पाटीवर त्यांनी लिहिलं, 'मारोतीला बोलवा,' आणि ती नानासाहेबांकडं वळवली. माझ्याकडं वळवली नाही. मी उठेपर्यंत माझ्यासाठी त्यांनी काहीही लिहिलं नाही.

नानासाहेब स्वतः ताडकळसला गेले. मारोती परत आला नाही. "गिरणीवर पीठ जाडं आलं तर लोक म्हणतेत, मारोत्या झोपला व्हतास का. तुला दिसत न्हाई म्हणून जाडं आलं, असं कुणी म्हणत न्हाई," असं तो म्हणाला. नानासाहेबांनी मला हे फोनवर सांगितलं, तोच त्यांचा शेवटचा फोन. मानवतच्या शाळेला मी स्वतः जाऊन सांगितलं. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं. कॉम्प्युटरचं बघू म्हणाले. बघितलं की नाही, मला माहीत नाही.

ग्रंथालयाचं मशीन आता नांदेडचा एक माणूस बघतो. पैसे घेतो, पावती देतो. बारावीची पुस्तकं दुसऱ्या कुणीतरी वाचायला घेतली होती. तीन धड्यांवर अडली, असं ऐकलं. सुलभाबाई त्या हिवाळ्यात गेल्या. मी स्मशानात मागं उभा होतो. मारोती आला होता, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. मी त्याच्यापासून दोन पावलांवर होतो. मी आवाज केला नाही, म्हणून मी आहे हे त्याला कळलं नाही.

ज्यांच्याकडं अशी मशीनं आहेत त्यांच्यासाठी कामाचं तेवढं लिहितो. नक्कल करणाऱ्या स्क्रिप्टनं आधी मूळ डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासावं. नसेल तर काहीही न करता थांबावं. त्याला एक ओळ पुरते. पुसणारी सूचना घालूच नये, जागा कमी पडली तर पडू द्यावी. आणि तिसरी नक्कल पेटीबाहेर, दुसऱ्याच्या घरी ठेवावी. कॉलेजच्या सगळ्या मशीनवर मी आता हे केलं आहे. नोफेल सगळीकडून काढलं आहे.

त्यामुळं मशीन अधूनमधून सुरू होत नाही. सुरू झालं नाही की माणसं फोन करतात. करू द्यावा.